कलानं

रुवैसला जूनमध्ये थंड नळाला
चहा होईल असं पाणी येतं.
म्हणून रात्रीच मसाफीची बाटली भरून
मी फ्रीजमध्ये ठेवतो. वर चिठ्ठी: दाढीचं पाणी, पिऊ नये.
तरी कुणीतरी पितंच.

पहाटे पावणेचार. बेसिनपाशी अरफात मुकादम,
दाभोळकडचा, येऊन अकरा दिवस झालेला.
हनुवटीवर टिशूचे चार तुकडे,
चारही मधोमध लाल.
"ओढू नकोस," म्हटलं. "सुका ओढलास
तर खपली त्याच्याबरोबर येईल. आधी भिजव."
भिजवताना पाचवी जखम सापडली, कानाखाली.

परवापर्यंत त्याला दाढी होती.
अब्बांसारखी, मिसरूड फुटल्यापासून राखलेली.
पण गॅसच्या युनिटला मास्क लागतो
आणि मास्कला दाढी चालत नाही, खुंटसुद्धा नाही.
केसाएवढी फट वायूला दिंडीदरवाजा.
सेफ्टीवाला डोक्यावर पिशवी चढवतो,
आत कडू फवारा मारतो.
जिभेला कारलं लागलं की नापास.
काल अरफातला कारलं लागलं.
मग रात्री, कडी लावून, कोरड्या गालावर,
एकट्यानं

"ब्लेड कुणाचं?"
"तिथंच होतं. कुणाचं तरी."
ते मी कागदात गुंडाळून टाकलं.
ओरडलो नाही.

माझ्या वडलांची धोकटी होती.
काळं पडलेलं चामडं, बकलाला सुतळी.
शाळेच्या फाटकावरून ते जायचे
तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो,
पुढं गेले की उठायचो.
वेल्डिंग शिकलो. धोकटी काकांकडे गेली.
हातात मात्र काहीतरी राहिलं असावं,
कारण अरफातची मान मी दोन बोटांनी तिरपी केली
आणि ती कशी करायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"गार पाणी नंतर. आधी कोमट,
आणि दोन मिनिटं नुसता उभा राहा. केस मऊ होऊ दे.
फेस बोटांनी मुरव, थापू नकोस, भिंत नाही ती.
हे बघ, उजवीकडे तुझे केस भोवरा घालतात,
तिथं पातं वळव, गाल नको.
दाबायचं नाही. त्याच्या वजनानं जाऊ दे.
आणि उलटं नाही फिरवायचं, कितीही घाई असो.
भाऊ म्हणायचे, केसाचं कलानं घे,
कातडी आपोआप ऐकते."
(सासऱ्याचंही, असं पुढं म्हणायचे. ते गाळलं.)

मग बाटलीतलं गार पाणी, उरलं होतं तेवढं.
मग तुरटी.
आईनं पहिल्या खेपेला लोणच्याच्या बरणीला टेकवून दिलेली,
तेव्हा मुठीएवढी;
नऊ वर्षांत चघळलेल्या लिमलेटएवढी झाली.
पान्ह्यानं ठोकून अर्धी त्याला दिली.
ज्याचं रक्त, त्याचा खडा.
"झोंबेल."
झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं,
ते तुरटीचंच, असं दोघांनी धरून चाललो.
"आणि आज अत्तर नको. घाम आहेच झोंबायला."

बसमध्ये तो गाल झाकून बसला,
भर उकाड्यात थंडी वाजल्यासारखा.
"शुक्रवारी अब्बांचा व्हिडिओ कॉल असतो," एवढंच म्हणाला.
ह्याला लावायला माझ्याकडे खडा नव्हता.
खिडकीबाहेर मिठाची जमीन, मग चिमण्या, मग ज्वाला.

सहा वाजता पिशवी, फवारा.
काचेमागं अरफातचे डोळे मिटलेले.
मग अंगठा वर.

आता परीक्षेच्या पहाटे बेसिनपाशी
तिघं-चौघं टॉवेल घेऊन उभे असतात,
एक नेपाळी, दोघे सोलापूरकडचे.
काल फोरमन जॉयकुट्टीही आला, गालाला टिशू,
म्हणाला, "तुम नाई है क्या?"
बुटाची नाडी खरंच सुटलेली होती.
मी वाकलो नाही.
म्हटलं, बाप होता. बस इथं.
आणि ती बाटली कोण पितं, ते आधी सांग.